न धुतलेली बाटली

आमचे मिझोगुचीसाहेब स्वतःच्या सावलीवरही संशय घेणारे. प्रयोगशाळेत शिरणाऱ्याचा आधी वास घ्यायचे, कारण खाणीतून नदीत उतरणारा विषारी धातू, कॅडमियम, सिगारेटच्या धुरातही असतो. लाल रंगातही तो असतो म्हणून माझी लाल पेन्सिल त्यांनी दोनदा कचऱ्यात फेकली. खाणीखालच्या गावांतल्या लोकांची लघवी आम्ही तपासायचो. यंत्राच्या ज्वालेत नमुना सोडायचा आणि दिव्याचा उजेड त्यात किती गिळला जातो, ते मोजायचं. आकडा मोठा आला तरच सरकारी समिती माणसाला नदीच्या विषाचा रोगी मानायची.

इवासे तोकिएबाईंचा आकडा जवळजवळ शून्य आला. बाईंची हाडं तीनदा मोडलेली, चालणं बदकासारखं. साहेबांनी दिवा तपासला, पुन्हा मोजलं, मग माझ्याकडेही रोखून बघितलं.

"खाणवाल्यांनी बाटली बदलली. चल!"

बाईंचा नवरा दारातच भेटला. "शून्य ना? मी म्हणतच होतो. सहा वर्षं सोंग चाललंय. शेतात जायला नको हिला!"

बाई मान खाली घालून चहा ओतत होत्या.

"बाटली कोणाच्या हातात दिलीत?" साहेबांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही."

"खरं सांगा बाई. काय केलंत बाटलीचं?"

बाईंना ते झोंबलं. "काय करणार? भरायच्या आधी घासून धुतली! तळाला कसले तरी थेंब होते. दुसऱ्याचं भांडं घाणेरडं परत द्यायची आमच्यात रीत नाही."

साहेब माझ्याकडे वळले. ते थेंब आम्लाचे होते, मीच घातलेले. ते नसले की धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो आणि यंत्राच्या हाती काहीच लागत नाही. 'धुऊ नका' हे सांगायचं काम माझं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी त्याच बाटलीत आम्ल घालून दोन दिवसांनी मोजलं. आकडा दहापट! तरी त्यांचा स्वतःवरही विश्वास नव्हता. दुसऱ्या बाटलीसोबत नवा नमुना आणायचा निरोप धाडला.

सोमवारी नवराच आला. रुमालात बांधलेली बाटली दोन्ही हातांनी धरून.

"धुतलीत?" साहेबांनी त्याचा वास घेत विचारलं.

"ती धुवायला निघाली होती. मी हिसकावून घेतली."

आकडा येईपर्यंत तो जागचा हलला नाही. मग कागद त्यानं तीनदा वाचला.

"सहा वर्षं मी तिला शेताच्या चिखलात उभं केलं हो," तो म्हणाला. "आता घरी जाऊन काय सांगू?"