मालकिणीला सांगितलेली जात

मालकिणीने माझ्यासमोरची परात उचलली आणि सगळ्या लाट्या मोरीत ओतल्या. सकाळपासून उडदाचं पीठ कुटून माझे खांदे भरून आले होते. मग तिने माझा पोळपाट पायाने दाराबाहेर सरकवला. हात लावला नाही.

सत्त्याऐंशी साल. अंबरनाथला तिच्या घरी आम्ही सहा बायका पापड लाटायचो. मी मराठा आहे असं सांगून लागले होते. कपाळाला कुंकू लावायचे, आडनाव शेजारणीचं सांगायचे. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. असं वर्ष काढलं.

त्या मे महिन्यात तेरा वर्षांच्या लेकीला, सुमनला, मदतीला नेऊ लागले. कोणी काही विचारलं तर गप्प बसायचं, एवढं तिला बजावलं होतं.

त्या दिवशी बदलापूरचा माझा मामा मला शोधत तिथेच आला. दारातून म्हणाला, "जय भीम, पोरी."

मी मान खाली घातली. ओळख दिली नाही.

सुमनने लाटणं ठेवलं, उभी राहिली. "जय भीम, आजोबा."

सगळ्यांचे हात थांबले.

"कोण गं हा?" मालकिणीने विचारलं.

"चाळीतलं म्हातारं आहे. पोरीला काय कळतंय," मी म्हणाले आणि सुमनच्या थोबाडीत मारली.

ती रडली नाही. "माझ्या आईचा मामा आहे तो. आम्ही बौद्ध आहोत."

माझ्या शेजारी लाटत बसलेली गंगूबाई ओरडली, "अगं बया! वर्षभर हिच्या डब्यातली चटणी खाल्ली की मी!" बाकीच्या हसल्या. तेव्हा मालकिणीने परात उचलली.

मामा आल्या पावली निघून गेला. मावशी फार आजारी आहे हे सांगायला आला होता. मला ते चार दिवसांनी कळलं.

वाटेत मी सुमनला म्हणाले, "उद्या उल्हासनगरला बघू. तिथे आपल्याला कोण ओळखतंय?"

"तू जा. मला मारलंस ते चालेल. आजोबांना ओळख दिली नाहीस, ते नाही चालणार."

तेरा वर्षांची पोर. त्या रस्त्यावर ती माझ्याहून मोठी झाली.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला एका पापडवाल्या बाईने आडनाव विचारलं. शेजारणीचं आडनाव जिभेवर तयारच होतं. घरात पीठ संपलेलं. तरी आमचं खरं आडनाव सांगितलं. वर सांगितलं, बौद्ध. तिने दार लावलं. पुढच्या गल्लीतही तेच झालं.

त्या गल्लीत उभी राहून ठरवलं. यापुढे कोणी विचारायच्या आत मीच सांगणार. ज्याला दार लावायचं असेल, त्याने ते ऐकून लावावं.