लिलाव संपेपर्यंत

बारकी हे तिचं नाव फक्त दादाच्या तोंडी उरलं होतं. ऑफिसात ती मॅडम. पंचेचाळिशी उलटलेली, केसांत रुपेरी बटा. पण रविवारी सकाळी दादाचा फोन आला, की पहिला शब्द "बारके", आणि मग तासभर त्यांचं काय चालायचं ते त्या दोघांनाच ठाऊक. लग्नाच्या फंदात ती पडली नव्हती. आईवडील गेल्यापासून हक्काने पाय पसरून बसावं असं तिला एकच घर होतं, दादाचं.

त्याचंच बघून ती इंजिनियर झाली आणि त्याच्याच मागोमाग मोबाइलच्या धंद्यात शिरली. फरक इतकाच, की तो बड्या कंपनीत आणि ती एका चिमुकल्या कंपनीत.

"तुझी कंपनी म्हणजे हत्तीच्या पायाखालची मुंगी," तो चिडवायचा.

"मुंगी सोंडेत शिरली की हत्तीची काय गत होते, ते वहिनीला विचार," ती म्हणायची. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मला नका ओढू तुमच्यात."

मग सरकारने लिलाव जाहीर केला. ज्या लहरींवर आपले मोबाइल चालतात त्या सरकारच्या मालकीच्या. जमिनीचे प्लॉट पाडावेत तसे सरकार त्यांचे पट्टे पाडतं आणि सगळ्यांत मोठी बोली लावेल त्याला वापराचा परवाना देतं. या खेपेला त्यात एक पट्टा फार मोलाचा होता. त्याच्या लहरी लांबवर जायच्या, जाड भिंतींतूनही आत शिरायच्या. तो मिळाला तर बारकीची कंपनी तगणार, नाही तर गाशा गुंडाळणार. बोली लावण्याचं काम तिच्याकडे आलं. दादाच्या कंपनीने ते दादाकडे दिलं.

अशा लिलावाला एक कडक नियम असतो. निकाल लागेपर्यंत एका कंपनीच्या माणसाने दुसऱ्या कंपनीच्या माणसाशी बोलीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर कंपनी बाद. बारकीने तशी सही केली, तेव्हा कंपनीच्या वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, सख्खा भाऊ समोर आहे. तुम्ही फोनच उचलू नका. 'जेवलास का' एवढं जरी विचारलंत, तरी उद्या कोर्टात सिद्ध करत बसावं लागेल, की ते जेवणाबद्दलच होतं."

सगळे हसले. तीही हसली. त्या रविवारी तिने दादाला सांगितलं, "आता निकालापर्यंत आपला अबोला."

"धरवेल तुला?" दादा म्हणाला. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"बघच तू."

लिलाव सुरू झाला. एका सभागृहात बसून हातोडा आपटायचा, असा तो लिलाव नव्हे. प्रत्येक कंपनी आपापल्या ऑफिसात, संगणकासमोर. पडद्यावर पट्ट्याची किंमत दिसायची आणि तो अजून कितीजणांना हवाय तो आकडा. नावं कुणाचीच नाहीत. फेरी संपली की किंमत चढायची, मग पुढची फेरी. बारकी सकाळी त्या बिनखिडकीच्या खोलीत शिरायची, मोबाइल बाहेरच्या खणात टाकायची आणि संध्याकाळी डोळे चोळत बाहेर यायची. आठवड्यामागून आठवडे गेले, तरी चिवट लिलाव काही आटपेना.

पण तिला त्यात मजा वाटू लागली होती, कारण नावं नसली तरी समोरचा हात तिला ओळखू येत होता. लहानपणी दोघं पत्ते खेळायची. नको असलेल्या पानासाठी दादा असा हटून बसायचा, की समोरच्याने त्याच्यावरच जीव टाकावा, आणि मग तो खुशाल हात झटकून मोकळा. इथेही कुणीतरी तसंच खेळत होतं. भलत्याच पट्ट्यावर तावातावाने बोली चढवायची आणि हळूच अंग काढून घ्यायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही दादाचीच तऱ्हा, असं म्हणून ती पडद्याकडे बघून स्वतःशीच हसायची. अबोला असला तरी दिवसभर दादाच समोर बसलाय, असं तिला वाटायचं.

एका दुपारी चहाच्या सुट्टीत तिने खणातून मोबाइल काढला, तर दादाचे फोन येऊन गेलेले. ती बघतेय तोवर हातातच तो पुन्हा वाजला. पडद्यावर त्याचं नाव. तिचा अंगठा क्षणभर थबकला. मग तिला वाटलं, परीक्षा बघतोय माझी. तिने फोन कापला. वर जाऊन वकीलसाहेबांना सांगूनही आली. ते म्हणाले, "शाब्बास. याला म्हणतात शिस्त."

दोन दिवसांनी वहिनीचा निरोप आला: वेळ झाला की फोन कर. बारकीने उत्तर पाठवलं: वहिनी, आत्ता नको, लिलाव संपला की थेट घरीच येते. वहिनीचं त्यावर काही आलं नाही.

शेवटी तो मोलाचा पट्टा दोघांतच उरला. किंमत बारकीच्या मर्यादेला टेकली. आणखी एक फेरी झाली असती, तर तिला हात वर करावे लागले असते. ती नखं खात बसली होती. पडदा बदलला. समोरच्याने माघार घेतली होती.

खोलीत टाळ्या वाजल्या. मोठ्या साहेबांनी तिचा हात धरून हलवला. बारकीच्या मनात मात्र एकच होतं: दादाने माझ्यासाठी सोडला.

दुसऱ्या दिवशी निकाल जाहीर झाला आणि ती तशीच ऑफिसातून दादाच्या घरी गेली. वहिनीने दार उघडलं.

"कुठाय तो?" बारकी चपला काढता काढता म्हणाली. "शेवटी सोडलाच ना पट्टा बहिणीसाठी? त्याला म्हणावं, पहिल्या दिवसापासून ओळखत होते मी तुला."

"कोणी सोडला?" वहिनीने विचारलं.

"दादाने."

"तो नव्हता तिथे," वहिनी म्हणाली. "लिलाव सुरू झाला त्याच आठवड्यात चक्कर येऊन पडला. डोक्यात गाठ निघाली. त्याच्या जागी दुसराच कुणी बसला होता."

बारकीच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

"मला का नाही कळवलंत?"

"त्यानेच बजावलं होतं. तिची सही झालीय, तिला नियम मोडायला लावू नका म्हणाला. पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, वाचा जाऊ शकते, कुणाशी बोलायचं असेल तर बोलून घ्या. मग मात्र त्याला राहवेना. त्याने तुला फोन केला. तू कापलास. तो हसला आणि म्हणाला, पक्की आहे पोरगी. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला."

"काय बोलायचं होतं त्याला?"

"मी विचारलं. म्हणाला, ते बारकीला सांगायचंय. मी निरोप पाठवला, त्यावर तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे. पुन्हा लिहायला माझा हात नाही धजला. खरं सांगू? रागच आला होता मला तुझा."

आतल्या खोलीत दादा खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता. डोकं भादरलेलं, कानामागून वर गेलेली टाक्यांची रेघ. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या.

"बरं," तो म्हणाला.

"दादा, मी आलेय."

"बरं. बरं."

वहिनीने दारातून सांगितलं, "तेवढा एकच शब्द राहिलाय."

बारकीने त्याचा पडलेला हात हातात घेतला. काय सांगायचं होतं रे, असं तिने विचारलं, पुन्हा विचारलं, नाही नाही ते अंदाज करून बघितले. घराचं होतं का? आईचं काही? माझं काही चुकलं होतं? दर वेळी तो तिच्याकडे डोळे भरून बघायचा आणि "बरं" म्हणायचा. शेवटी त्याने डावी मूठ गादीवर आपटली आणि तोंड वाकडं करून रडू लागला. मग तिने विचारणं सोडलं.

सोमवारी ती वकीलसाहेबांकडे गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"आजारपणाचं बोलायला नियमाची आडकाठी नव्हती, मॅडम," ते म्हणाले. "मी सांगितलं ते खबरदारी म्हणून. तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत."

त्यावर तिला त्यांचा रागही येईना. विचारायला हवं होतं हे खरंच होतं.

पुढे ती दर रविवारी दादाकडे जाऊ लागली. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. त्यांच्या उजळणीला ती सोबत बसायची. फार काही साधलं नाही. वहिनीचा राग हळूहळू निवळला, निदान बारकीच्या कपात साखर किती हे ती पुन्हा लक्षात ठेवू लागली.

दीड वर्षाने बड्या कंपनीने चिमुकली कंपनी विकत घेतली. पट्टा, माणसं, खुर्च्या, सगळं एका छपराखाली आलं. नवे साहेब म्हणाले, तुमच्या भावाची केबिन रिकामीच आहे, ती घ्या. बारकीने बाहेरचं टेबल मागून घेतलं.

त्या रविवारी ती दादाची नखं कापत होती. कापता कापता सहज बोलावं तसं तिने सांगितलं, "दादा, आपल्या कंपन्या एक झाल्या." तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने मान खिडकीकडे वळवली. त्याला कळलं की नाही, ते तिला कळलं नाही. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दादा तिकडेच बघत होता. तिने त्याचा दुसरा हात मांडीवर घेतला.