आईला उठता येईल असं स्टूल

मला जुन्या लाकडाचं वेड आहे, हे आधीच कबूल करते. ठाण्याच्या आमच्या घरात सोफा नाही. एका शाळेतलं बाकडं आहे, दवाखान्यातलं गोल फिरणारं स्टूल आहे आणि न्हाव्याच्या दुकानातून आलेली एक जाडजूड खुर्ची आहे, जिच्यावर बसण्यावरून पाहुण्यांत भांडणं होतात. हे सगळं कल्याणच्या एका काकांच्या गोडाऊनमधून आलेलं. जुन्या चाळी, बिल्डिंगी रीडेव्हलपमेंटला गेल्या की तिथला माल त्यांच्याकडे येतो. महिन्यातून एकदा मी तिथे गेले नाही तर मला चुकल्यासारखं होतं. नवरा म्हणतो, "हिला दोन माहेरं आहेत. एक ठाकुर्लीला आणि एक ते गोडाऊन."

ठाकुर्लीला आई राहते, एकटी. मानपाड्याच्या एका औषधाच्या कंपनीत तिने तीस वर्षं पॅकिंगमध्ये काढली. त्या पगारात आम्हा दोघा भावंडांना शिकवलं आणि पहिल्या मजल्यावरचं हे दोन खोल्यांचं घर घेतलं. बाबा गेल्यावरही ती तिथेच राहिली. रविवारी विहारात वंदनेला जायचं, शेजारणींच्या भांडणात न्यायाधीश व्हायचं, आणि कुणी मदत करू का विचारलं की त्याच्यावर डाफरायचं, असा तिचा कार्यक्रम.

मग गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला ती हात लावू देईना. एक दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना तिने मागे रेटा दिला, खुर्ची सरकली आणि ती पडली. हाड वाचलं ते नशीब. पण डॉक्टरांनी मला आणि दादाला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणाचा हात न धरता उठता येत असेल तरच एकटं राहू द्या. नाहीतर नाही."

दादाचं दिवा स्टेशनजवळचं घर एवढंसं, त्यात चार माणसं आणि पाण्याची बोंब. त्यामुळे आई आमच्याकडे ठाण्याला येणार, हे न बोलताच ठरलं. माझा मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेलेला, त्याची खोली रिकामीच होती. मी पडदे बदलले, गादी बदलली. आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मला पंधरा दिवस दे. त्यात नाही जमलं तर घेऊन जा."

आता इथे मी माझी अक्कल पाजळली. आईला चांगली खुर्ची हवी ना, मग जुन्या खुर्च्यांतलं माझ्याइतकं कळतं कुणाला? मी काकांकडून सागवानी आरामखुर्ची उचलली. लांब हात, वेताची ताजी विणलेली जाळी, सांध्यांना एक खिळा नाही, सगळ्या लाकडाच्या खुंट्या. ती आईच्या खिडकीशी ठेवली तेव्हा मला भरून आलं. आई बसली, मागे रेलली, म्हणाली, "छान आहे गं." मी समाधानाने ठाण्याला परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या खुर्चीत बसली आणि तिला उठता येईना. बैठक मागे उतरती, गुडघे कमरेच्या वर. मोबाइल ओट्यावर राहिलेला. शेजारीण दुपारी कोथिंबीर मागायला आली, तिच्याकडे किल्ली होती म्हणून बरं. तोवर आई तीन तास तशीच. मला हे शेजारणीकडून कळलं. आईने एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्यामुळेच मला तोंड दाखवायची लाज वाटली. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं असेल.

पंधरातले सहा दिवस गेले होते. सातव्या दिवशी आईचा फोन आला. "तुझ्या त्या गोडाऊनला मला घेऊन चल. माझं बूड, मीच बघते."

रिक्षाने गेलो. काकांनी तिला बघून हातातलं काम टाकलं आणि दारातली सगळ्यात भारी खुर्ची पुसून पुढे केली. कोरीव पाठ, सिंहाचे पंजे असलेले पाय. आई बसली, दोन्ही हातांवर जोर देऊन कशीबशी उठली. "ही नुसती बस म्हणते," ती म्हणाली. "बसायला काय, दगडावरपण बसता येतं. उठायचं बघा." मग तिने काकांकडे दोन कप चहा मागितला. काकांना वाटलं आम्हा दोघींसाठी. ती म्हणाली, "दोन्ही मलाच. घरात माणूस उठतो तेव्हा हातात काहीतरी असतंच की नाही? पातेलं असतं, ताट असतं. मोकळ्या हाताने कोण उठतं?"

आणि मग माझी सदुसष्ट वर्षांची आई दोन हातांत दोन कप धरून त्या गोडाऊनमधल्या एकेका बैठकीवर बसत, उठायला बघत चालली. हातात काही नसताना जे जमलं ते कप घेतल्यावर जमेना. बाकड्यावर चहा सांडला. एका ऑफिसच्या खुर्चीची बैठक खोल, तिथे ती पुढेच येऊ शकली नाही. एक वेताचं स्टूल मला फार आवडलेलं, त्याला तिने बोटाने ढकललं, ते डुगडुगलं, विषय संपला. उलटं करून खालून बघायची, पायांचे सांधे हलवायची. मी वीस वर्षं हे सामान जमवतेय, पण इतक्या कडक नजरेने मी एकही वस्तू कधी बघितली नव्हती. काका माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, मावशींना आधी आणायचं होतंत."

भिंतीच्या कोपऱ्यात एक उंच लाकडी स्टूल होतं. बंद पडलेल्या कुठल्याशा वर्कशॉपमधलं. तीन रंगांचे ओघळ, खाली पाय ठेवायला आडवी पट्टी, ती मधोमध झिजून खोलगट झालेली. मी त्याच्याकडे कधी ढुंकूनही बघितलं नसतं. आईने चहाचे कप माझ्या हातात दिले आणि त्या पट्टीवरून हात फिरवला.

"कंपनीत आमच्या लाइनवर अशीच स्टुलं होती," ती म्हणाली. "घंटा झाली की आम्ही तीस बाया एकदम उतरायचो. प्रत्येकीच्या हातात भरलेला ट्रे. गोळ्यांची एक पट्टी खाली पडली तर सुपरवायझर बोलायचा. हात लावून उतरायची सोयच नव्हती." मग काकांना तिने समजावलं, "पट्टीवर एक पाय राहू द्यायचा, दुसरा जमिनीवर सोडायचा आणि बूड पुढे सरकवायचं. उंचावर बसलं की गुडघा फार वाकतच नाही."

ती चढून बसली. कप घेतले. पहिल्यांदा पाय जमिनीला टेकला आणि गुडघा लटपटला, ती परत मागे टेकली. तोंड पांढरं पडलं होतं. मी पुढे झाले तर तिने मानेनेच नको म्हटलं. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, नाही जमलं तर बरं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं.

दुसऱ्यांदा ती उतरली. उभी राहिली. चहा थेंबभर सांडला नाही. मग गार झालेला एक कप स्वतः प्यायली, दुसरा मला दिला. काका म्हणाले, मस्त पॉलिश करून देतो. आई म्हणाली, "पॉलिश नको, घसरतं. पायांना रबर तेवढं मारा." मला तिचं इतकं कौतुक वाटलं की रडू आलं, आणि रडू नुसतं कौतुकाचं नव्हतं.

पंधराव्या दिवशी दादा आणि मी ठाकुर्लीला गेलो. दादाने येताना मोठी बॅग आणलेली, तिचे कपडे भरायला. स्टुलाबिलाच्या गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. आई ओट्याशी स्टुलावर बसून मेथी निवडत होती. "आई, जरा उठून दाखव," दादा म्हणाला. ती म्हणाली, "मी काय सर्कशीतली आहे?" आणि मेथी निवडतच राहिली. दादाने माझ्याकडे बघून बॅगेची चेन उघडली.

तेवढ्यात बेल वाजली. दादा सोफ्यातून उठायला लागला, गुडघ्यांवर हात ठेवून, "आई गं" करत. तोवर आई मेथीचं ताट दोन्ही हातांत घेऊन उतरली होती, दारापर्यंत गेली होती, आणि ताट कमरेला टेकवून कडी काढत होती. शेजारीण होती, पाणी आलंय सांगायला. दादा अर्धवट उठलेला तसाच परत बसला. थोड्या वेळाने त्याने बॅगेची चेन लावली. जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

निघताना दादा पुढे जिना उतरला. आई मला सोडायला दारात आली, कशालाही न धरता.

"खोली केली होतीस ना माझ्यासाठी," ती म्हणाली. "पडदेसुद्धा बदललेस."

"हो."

"तिथे त्या दुकानात माझा पाय लटपटला, तेव्हा मी तुझं तोंड बघितलं."

चोराच्या मनात चांदणं, मी खाली बघितलं. काहीतरी सारवासारव करणार होते. तिने माझी ओढणी खांद्यावर नीट केली.

"मला उचलून न्यायला येऊ नकोस पोरी," ती म्हणाली. "तुला एकटं वाटतं तर सांगावं. येत जा की तू, बसायला."