चौथ्या गाण्यातला माझा आवाज

चाचाने आयुष्यात कधी घासाघीस केली नाही. लोहारा गावात त्याचं पंपाच्या जळलेल्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान होतं. भाव एकदा सांगायचा आणि पुन्हा तार गुंडाळायला लागायचा. हमालीपासून घासाघीस करत कापसाचा व्यापारी झालेल्या माझ्यासारख्याला हा सरळ अपमान वाटे. तरी मोटार जळली की मी त्याच्याकडेच जाई.

हा गृहस्थ रॅप करायचा. कॉलेजपासूनचा तिघांचा गट; आता एकाचे गुडघे दुखत, दुसऱ्याला टक्कल, चाचाची दाढी पांढरी. बोंडअळीच्या वर्षांत त्यांनी अख्खा अल्बम काढला. बोगस बियाणं, फवारणीच्या विषाने गेलेली माणसं, भरपाईची भाषणं, सगळं त्यात. 'बोंडात अळी अन् मंचावर टाळी' ही ओळ तो मोटार खोलतानाही पुटपुटायचा. एका पुढाऱ्याचा माणूस ती ओळ काढ म्हणून सांगायला आला. "काढतो ना," चाचा म्हणाला, "पयले तुम्ही अळी काढा."

रेकॉर्डिंग माझ्या गोदामात झालं, कारण कापसाच्या ढिगात आवाज घुमत नाही. मी भाडं घेतलं नाही, हे नमूद करतो.

एका दुपारी माइक सुरू असताना केळापूरकडचा एक शेतकरी कापसाचा टेम्पो घेऊन दारात आला. मी भाव पाडायच्या रिवाजाप्रमाणे गाडीत हात घातला, मूठभर कापूस दाबला आणि ओरडलो, "ओला हाय! पिळला तं पाणी निंघते!"

"मंग पिळा ना शेठ," तो म्हणाला. "सकाळपासून तहान लागून राह्यली."

हे दोन्ही आवाज जसेच्या तसे चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला आले. त्यानंतर मार्केटात मी गाडीत हात घातला की मागून कोणीतरी म्हणे, "शेठ, गिलास आणू काय?" शेवटी मला ओलावा मोजायचं यंत्र घ्यावं लागलं.

पण माझी तक्रार वेगळी होती. मी दुकानात गेलो. "चाचा, त्याच्यानंतर म्या त्याले पाणी पाजलं, पुरा भाव देल्ला. ते काहून कापलं?"

"ते टाकलं तं गाणं तुमच्या बाजूनं होते, शेठ. बाकीच्या गाड्यायचं काय?"

मी हाताला लागला तो पाना फेकला. त्याने तो उचलून जागेवर ठेवला.

पुढे तो मुलीकडे हैदराबादला राहायला निघाला. मी बसस्टँडवर गेलो आणि म्हटलं, "जाता जाता तरी ते टाक."

"टाकतो. पण मंग पुरं टाकीन. 'पुरा भाव देतो, पण कोणाले सांगू नोको, नाहीतं उद्या सारेच मांगतीन.' तुमचाच आवाज हाय."

"राहू दे," मी म्हणालो.

तो तिकडेच वारला. कळलं त्या दिवशी मी मार्केटात कोणाशीच भांडलो नाही. लोकांनी तब्येत विचारली. गाणं अजून चहाच्या टपऱ्यांवर वाजतं. केळापूरकडचा तो शेतकरी अजून माझ्याकडेच कापूस आणतो. चाचासारखंच त्यानेही आजवर ते पुऱ्या भावाचं कोणाला सांगितलेलं नाही. जन्मात माझं ऐकणारी दोनच माणसं भेटली, आणि त्यांनी ऐकलं ते नेमकं हेच.