होडीत नेलेली डिग्री

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लग्नानंतरच्या सहा वर्षांत ताईला कधी सारसबागेतसुद्धा घेऊन गेले नव्हते. त्यामुळे मे महिन्यातल्या एका गुरुवारी ते विश्रांतवाडीहून दोन बस बदलून कात्रजला आमच्या घरी आले आणि "रविवारी सगळे खडकवासल्याला जाऊ, होडीत बसू" म्हणाले, तेव्हा मला आनंद वगैरे झाला नाही. माणूस अचानक चांगलं वागायला लागला की मी त्याच्या हातांकडे बघते. ही सवय वाईट असेल, पण तिने माझं नुकसान फारसं केलेलं नाही.

चहा संपवून उठता उठता दाजींनी पुढचं सांगितलं. "आणि हो, तुझी फाईल आण बरोबर. मार्कलिस्टा, दाखला, डिग्री. सगळं ओरिजिनल. आमचे साहेब चार वाजता तिथेच येणार आहेत. नजर टाकतील, काम होऊन जाईल."

"होडीत नोकऱ्या देतात का हल्ली?" मी विचारलं.

"अगं, मोठी माणसं अशीच भेटतात. ऑफिसात त्यांना वेळ कुठे असतो?"

आई भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "जावईबापू, पाण्यावर कागदं कशाला न्यायची?"

दाजी हसले. त्यांना घाम आला होता. मे महिना होता हे मान्य, पण पंखा त्यांच्याच डोक्यावर होता.

तो काळच तसा होता. दोन हजार साल जवळ येत होतं आणि पुण्यात दर दुसऱ्या जिन्यापाशी कॉम्प्युटर शिकवणाऱ्याची पाटी दिसत होती. कुणाचा तरी भाचा बंगलोरला, कुणाचा तरी पुतण्या थेट अमेरिकेला, अशा बातम्या रोज यायच्या. दाजींचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता. भोसरीतली बरी चाललेली नोकरी सोडून ते नारायण पेठेतल्या एका दुसऱ्या मजल्यावर 'ट्रेनिंग आणि प्लेसमेंट'च्या ऑफिसात जायला लागले होते. तिथे ते शिकत होते की काम करत होते, हे आम्हाला कधी कळलं नाही. ताईला विचारलं तर ती म्हणायची, "पुढं अमेरिकेचं हाय म्हणतात." एवढंच.

आता माझ्या डिग्रीबद्दल सांगायला हवं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणीही, बापय नाही की बाई नाही, कॉलेजात गेलेलं नव्हतं. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण त्यात नम्र होण्यासारखं काही नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, एका डेअरीत दुधाच्या पिशव्या भरायच्या खात्यात होते. पदवीदानाहून मी डिग्री घरी आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंकेत नाही. मी सगळं घर उलथंपालथं केलं. दुपारी आप्पा पाळी संपवून आले आणि त्यांनी वर्तमानपत्राच्या घडीतून ती काढून माझ्या हातात दिली. सुपरवायझरला विचारून त्यांनी ती पिशव्यांच्या जाड, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवली होती आणि चारही कडा मशीनवर दाबून कायमच्या बंद करून टाकल्या होत्या. खात्यातल्या सगळ्यांनी ती हातात घेऊन बघितली म्हणे, पेढेही वाटले.

"आता वाळवी न्हाई, झुरळ न्हाई, पाणी न्हाई," आप्पा म्हणाले.

"आप्पा, पण ही काढायची कशी?"

"काढायची कशाला? वरनं वाचता येतीय की."

आई म्हणाली, "कोपरा कापायचा आन् पातेल्यात वतायची."

मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. ओरिजिनल डिग्रीला असं काही करायचं नसतं, हे कॉलेजात गेलेल्या माणसाला कळतं. पण ती कापायला कात्री घेतली की हात पुढे जाईना. तशीच राहिली.

तर अशी ती डिग्री आणि बाकीची फाईल घेऊन मी रविवारी निघाले. का निघाले? एक तर मी नाही म्हटलं असतं तर ते वर्षभर ताईला ऐकावं लागलं असतं. दुसरं म्हणजे मलाही नोकरी हवीच होती, ते कशाला लपवू. पण मनाशी ठरवलं होतं, दाखवीन सगळं, देणार काहीच नाही. डिग्री परत मिळत नाही, ती एकदाच मिळते.

दाजींनी कुणाची तरी व्हॅन मागून आणली होती. हेही नवीनच. धरणावर पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. उन्हाळ्यामुळे पाणी बरंच आत गेलं होतं आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. चार वाजले, साहेब नाहीत. दाजी दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघत होते. सव्वाचारला म्हणाले, "तोवर एक चक्कर मारून येऊ."

वल्ह्याची होडी होती. नावाडी पन्नाशीचा, बोलायला काटकसरी. मी मागच्या फळीवर बसले, फाईलची पिशवी मांडीवर. समोर दाजी आणि ताई, पुढे आई-आप्पा. काठ थोडा लांब गेला तसे दाजी म्हणाले, "फाईल माझ्याकडे दे. भिजेल."

"पाऊस कुठाय, दाजी?"

"पाण्याचे शिंतोडे उडतात."

"उडू द्या. माझी आहे, मी भिजवीन."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की बास. आई उगाच डोंगराकडे बघत राहिली. मात्र त्यानंतर वीस मिनिटांत पाऊस आला, हे दाजींच्या बाजूने नोंदवून ठेवते.

आधी वारा आला. सिंहगडाच्या बाजूने काळं झालं आणि बघता बघता सगळं पाणी आमच्या अंगावर चालून यायला लागलं. नावाड्याने होडी वळवायचा प्रयत्न केला, पण वारा तिला उलट्या काठाकडे ढकलत होता. मग टपोरे थेंब, मग गारा. गारा पाठीवर बसत होत्या आणि आई मोठ्याने देवाला एकेरीत बोलावत होती.

"बसून ऱ्हावा! कुनी हलायचं न्हाई!" नावाडी ओरडला.

होडी एका बाजूला कलली आणि त्याच वेळी दाजी उठून माझ्या दिशेने झेपावले. मी फाईल पोटाशी दाबली आणि कोपर जोरात मारलं. ते तोल जाऊन होडीच्या तळात साचलेल्या पाण्यात बसले. ताई किंचाळली. त्यांनी हात फाईलकडे टाकला होता की मला धरायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या क्षणी मला मात्र जराही शंका नव्हती.

आप्पा चिवड्याच्या डब्याने पाणी बाहेर टाकत होते. चिवडा आधीच धरणात गेला होता. शेवटी होडी पलीकडच्या चिखलात रुतली आणि आम्ही गुडघ्यापर्यंत रुतत, एकमेकांना ओढत वर आलो. जवळच शेताला पाणी खेचणाऱ्या पंपाची पत्र्याची खोली होती. आम्ही सहा जण तिच्यात उभे राहिलो. वर गारांचा असा आवाज की बोललेलं ऐकू येईना.

आवाज कमी झाला तेव्हा मी फाईल उघडली. मार्कलिस्टांची शाई पसरली होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझं नाव होतं की निळा डाग, ते कळत नव्हतं. आप्पांनी सगळ्यात खालून डिग्री ओढून काढली, सदऱ्याच्या कोरड्या राहिलेल्या टोकाने वरचं पाणी पुसलं आणि उजेडाकडे धरली. आत एक थेंब नव्हता. 

दाजी त्या कागदाकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "आप्पा, ते कापू नका. कुणालाही कापून देऊ नका."

"मग आणायला कशाला सांगितलंत?" मी म्हणाले.

"माझं सगळं त्यांच्याकडेच आहे."

"कुणाकडे?"

"साहेबांकडे. डिप्लोमा, मार्कलिस्टा, सगळं. अमेरिकेसाठी लागेल म्हणून जमा करून घेतलं पहिल्याच दिवशी. परत मागितलं तर म्हणाले, तीन ग्रॅज्युएट आणून दे, मग तुझं घेऊन जा. दोन आमच्या गल्लीतले पोरगे नेले. तिसरी..."

तिसरी मी होते. ताई ओल्या पदराने कपाळ पुसत होती, ती थांबली.

"म्हणून होडी," ती म्हणाली. "मला वाटलं, मला म्हणून आणलंत."

नावाडी बाहेर जाऊन उगाच आभाळ बघायला लागला.

वारा पडल्यावर त्याने आम्हाला परत आणलं. साहेब नव्हते. भेळवाल्याला विचारलं, तो म्हणाला कुणीच आलं नाही.

सोमवारी मी आणि आप्पा दाजींना घेऊन नारायण पेठेत गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला कुलूप. पाटी काढलेली, भिंतीला फक्त चार खिळे. खाली वह्या-पेनांचं दुकान होतं. मी मालकांना विचारलं, "अहो, वरचे कॉम्प्युटरवाले कधी येतात?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "येतात नाही, गेले. शनिवारीच. आम्हाला विचारून गेले नाहीत."

दाजी पायरीवर मटकन बसले. आणि मला पहिला विचार काय आला, तर हे बसणं खरं आहे का. ऑफिस शनिवारी बंद झालं आणि रविवारी हे आम्हाला साहेब येणार म्हणून घेऊन जातात. यांना आधीच माहीत होतं का? आणि माहीत असेल, तर पंपाच्या खोलीतल्या त्या कबुलीला काय किंमत? या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता की आप्पांनी शेजारी बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आप्पांना माझ्यासारखी सवय नाही.

"पोलिसात चला," मी म्हणाले.

"गल्लीतली दोन पोरं मीच नेली तिथं. पहिलं नाव माझंच येईल."

त्यांना डिप्लोम्याची दुसरी प्रत काढायची होती. त्याला कागद गहाळ झाल्याचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं आणि साक्षीदाराची सही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सही करते," मी म्हणाले. "पण आधी त्या दोघांच्या घरी जाऊन खरं सांगा. त्यांना कळलं तर तेही धावपळ करतील. नाहीतर बसतील अमेरिकेची वाट बघत."

दाजी मान खाली घालून हो म्हणाले. दोन दिवसांनी निरोप आला, सांगून झालं. मी विश्वास ठेवला असता तर ती मी नव्हे. बस पकडून विश्रांतवाडीला गेले आणि ताईच्या घरी न जाता सरळ त्या गल्लीत गेले. त्यातल्या एका मुलाची आई दारात तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगितलं. तिने ताट बाजूला ठेवलं.

"काल आले होते तुमचे दाजी," ती म्हणाली. "आत या म्हटलं, आले नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझा मुलगा नको ते बोलला त्यांना. ऐकून घेतलं." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुम्ही काय, खात्री करायला आलात?"

मला हो म्हणायची लाज वाटली. पण म्हटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही कोर्टाच्या बाहेर, झाडाखाली टाईपरायटर घेऊन बसणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने कागद चढवला आणि मान वर न करता विचारलं, "कुठे गहाळ झाले?"

दाजी माझ्याकडे बघायला लागले. मग मीच सांगितलं, "खडकवासल्याला. होडीतून जाताना. वादळ आलं होतं."

"वादळात पाण्यात पडून," तो टाईप करत म्हणाला. "साक्षीदार कोण? शिक्षण?"

"बी.एस्सी.," मी जरा जास्तच मोठ्याने म्हणाले.

नावापुढे बी.एस्सी. लिहून सही करायची मी किती दिवस वाट बघत होते. कुठल्या कागदावर करायची वेळ येईल, याची बरीच चित्रं मनाशी रंगवली होती. त्यात हा कागद नव्हता. सगळं कॉलेज पार करून मी सरकारदरबारी केलेली पहिली सही खोट्या कागदावर आहे. आप्पांना हे मी सांगितलं नाही.

पावसाळा संपताना दाजींना दुसरी प्रत मिळाली. एक दिवस ते ताईला घेऊन कात्रजला आले आणि वर्तमानपत्राची घडी काढून त्यांनी आप्पांपुढे ठेवली. आतल्या कागदावर ठसठशीत शिक्का होता, दुसरी प्रत असल्याचा. आप्पांनी तो वाचला नाही. बोटं ताणून कागदाची रुंदी मापली आणि म्हणाले, "बसंल. उद्या करून आणतो."

दाजींना भोसरीत जुन्याच जागी परत घेतलं होतं, कमी पगारावर. मग ताईकडे न बघता म्हणाले, "रविवारी सारसबागेत जाऊ म्हणतो. सगळेच."

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"फाईल आणू का, दाजी?"

ते हसले नाहीत. ताई हसली.