नवऱ्याने शिकवलेला भात

तो भात आमच्या घरी जहाजावरून आला. माझा नवरा मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होता आणि त्या जहाजावरचा आचारी जमैकाचा. राजमा आणि नारळाचं दूध घालून तो दर रविवारी भात करायचा. त्यांच्या बेटावर म्हणे रविवारी याच्याशिवाय पान हलत नाही. त्याला ते लोक 'राइस अँड पीज' म्हणतात. पीज म्हणजे वाटाणे हे मी शाळेत इतकी वर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं, पण या भातात वाटाणा औषधालासुद्धा नसतो.

नवऱ्याला मी तेव्हा अहो-जाहो करत असे. लिहिताना मात्र तेवढा मान आता हातून दिला जात नाही, म्हणून इथे तो 'तो'च.

ऐंशीनंतरची ती पहिलीच वर्षं. वाशीत आम्ही दोन खोल्यांची जागा घेतली होती. समोर मोकळं मैदान, मैदानापलीकडे खाडीचा चिखल, आणि वाऱ्याची दिशा बदलली की घरभर मिठागराचा वास. लग्न झाल्यापासून मी गिरगावातच खोली घेऊन तिथल्या शाळेत शिकवत होते आणि नवरा वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने घरी. मुलगा चार वर्षांचा झाला तरी बापाला बघून पलंगाखाली लपायचा. तेव्हा एकदा रजेवर आल्यावर त्याने माझा हात हातात घेऊन शब्द दिला की आता पुरे झालं. महाप्याला एका कारखान्यात बॉयलरवर माणूस हवाय, तिथे तो लागणार, रोज संध्याकाळी घरी येणार. मीही शाळा सोडून कायमची वाशीला यावं. खाडी ओलांडून रोज गिरगाव गाठणं तेव्हा सोपं नव्हतं आणि पोराला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. मी राजीनामा दिला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "घाई करताय." मी त्यांना हसून पेढे दिले.

मग त्याने गावाहून आपल्या आईलाही आणलं. "आता सगळे एकत्र राहू," म्हणाला. सासूबाई मालवणकडच्या. तोवर त्या गावीच असायच्या, आम्ही मे महिन्यात जाऊन भेटायचो. माझं माहेर नगरचं, म्हणजे समुद्राशी आमचा संबंध चित्रापुरता. त्यांच्या कितीतरी रीती मला ठाऊक नव्हत्या, पण बाई मायाळू. रात्री मी त्यांचे पाय चेपायचे आणि त्या मला भुतांच्या गोष्टी सांगायच्या.

महाप्याला रुजू व्हायला अजून वेळ आहे, कागद अडकलेत, असं तो सांगायचा. अधूनमधून सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन त्या कामासाठी बाहेर पडायचा. आणि रविवार आला की मला भात शिकवायचा.

पहिल्या वेळी मी पार घोटाळा केला. राजमा भिजवून उपसून ठेव एवढंच त्याने सांगितलं होतं. कडधान्य भिजवलं की ते फडक्यात बांधायचं आणि मोड आणायचे, हे आमच्या हाडात भिनलेलं. त्याला फडक्यातून मोड डोकावताना दिसले तेव्हा तो हसून हसून खालीच बसला. "अगं, उसळ करायची नाहीये! भात आहे तो!" सासूबाईंनी माझी बाजू घेतली. मोड न आणता कडधान्य शिजवणारी माणसं त्यांनाही विचित्र वाटली. त्या दिवशी आम्ही उसळच खाल्ली.

पुढच्या रविवारपासून मात्र तो हटूनच बसला. स्वतः ओट्याला हात लावायचा नाही. दारात पाट टाकून बसायचा आणि म्हणायचा, "तू कर, मी बघतो." राजमा लसूण घालून कुकरला लावायचा आणि ते तांबूस पाणी टाकायचं नाही, भाताला रंग त्याचाच. नारळ खवून दाट दूध काढायचं. ते लोक एक पाला घालतात, तो आपल्याकडे कुठला मिळणार? पण सासूबाईंच्या कुंडीतली ओव्याची जाड पानं चुरगळून बघितली तर वास तोच, म्हणाला. वरून कांद्याची पात, आणि त्याने डबीतून आणलेले जमैकाचे मिरे, ज्यांना लवंग आणि दालचिनीचा मिळून वास यायचा. शेवटी एक अख्खी मिरची अलगद वर ठेवायची. ती फुटता कामा नये. फुटली तर भात तिखटजाळ, न फुटली तर नुसता तिचा वास. झाकण ठेवून आच मंद करायची आणि मध्ये उघडून बघायचं नाही.

मला उघडून बघायची खोड. तो पाटावरून ओरडायचा, "झाकण!" आणि मी पळीसकट मागे व्हायचे. मुलगा टाळ्या पिटायचा. त्याला तो भात इतका आवडायला लागला की शनिवारपासून भुणभुण सुरू व्हायची. बापाच्या मांडीवर बसून, बापाच्याच ताटातून खायचा. मी त्या दोघांकडे बघत राहायचे. शाळा सोडल्याचं दुःख त्या वेळी मला खरंच होत नव्हतं. दर्यावरचा माणूस अखेर घरी रमला, असं वाटायचं. मी अगदी सुखात होते.

एका रविवारी नारळ फोडला तर आतून कुजका निघाला. घरात दुसरा नव्हता. नवरा मुलाला घेऊन कांद्याची पात आणायला गेला होता, सासूबाई खालच्या मजल्यावर शेजारणीकडे. राजमा शिजून तयार, तांदूळ धुतलेले, आता फक्त दुधासाठी अडलेलं. देवघरात तांदळाच्या मुठीवर एक नारळ ठेवलेला होता, शेंडीसकट, हळदकुंकवाची बोटं ओढलेला. आठवडाभर मी तो बघत होते. कसल्यातरी पूजेचा असेल आणि आज-उद्या प्रसाद म्हणून फुटणारच, असं मी धरून चालले. आमच्याकडे देवापुढचा नारळ शेवटी स्वयंपाकातच येतो. मी देवाला हात जोडले, नारळ उचलला आणि फोडला. छान गोड निघाला.

भात शिजत असताना सासूबाई वर आल्या. सवयीने देवघराकडे गेल्या आणि तिथूनच त्यांचा आवाज आला.

"गो, देवाकडचो नारळ खंय गेलो?"

"भातात घातला. आपला कुजका निघाला, आई."

त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "फोडलंस? अगो बाय माझे, तो परत येयसर फोडूचो नसता गो!"

माझ्या हातात पळी होती. "कोण परत येईपर्यंत?"

त्यांनी तोंडावर पदर घेतला. आता माघार घ्यायला जागाच नव्हती. रडत रडत त्यांनी सांगितलं ते असं. घरातला पुरुष बोटीवर जायचा ठरला की त्यांच्याकडे त्याच्या नावाने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. तो सुखरूप घरी आला की मगच नारळ फोडायचा. इतकी वर्षं हे सगळं गावी व्हायचं, म्हणून मी कधी बघितलं नव्हतं.

"पण हे आता बोटीवर जाणार नाहीत," मी म्हणाले. कोणी लहान मूल चुकीचं उत्तर देतं आणि आपण शांतपणे दुरुस्त करतो, तसं म्हणाले.

"तेनां सांगल्यान, तुका इतक्यात सांगा नको. तू रडशील."

म्हणजे यांना ठाऊक होतं. रोज रात्री पाय माझ्या मांडीवर देऊन बसणाऱ्या या बाईला ठाऊक होतं. मला त्यांच्या अश्रूंची दया यायला हवी होती, पण अंगाची आग आग झाली.

तो पातीची जुडी हलवत आला आणि आम्हा दोघींना बघून दारातच थबकला. सासूबाईंनी नारळाचं सांगितलं. पोराला त्याने बाहेर खेळायला पाठवलं.

"सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"आज. जेवणं झाल्यावर."

"आणि महापे?"

"महाप्याला मी एकदाच गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये आयुष्य काढायचं... नाही जमणार मला." तो खाली बघत होता. "मेडिकल झालंय. याच आठवड्यात निघायचंय."

म्हणजे तो इस्त्रीचा शर्ट आणि तो डबा बोटीच्या ऑफिससाठी होता. पहाटे उठून त्या डब्याला पोळ्या मी लाटल्या होत्या.

"मग माझी शाळा का सोडायला लावलीत?"

"पोराजवळ कोणीतरी हवं ना. आणि आईला आणलंच आहे सोबतीला."

एवढं सगळं त्याने जुळवून ठेवलं होतं. मी सोडून सगळ्यांची सोय लागली होती. तरी मी वेड्यासारखी एक गोष्ट धरून बसले होते. म्हटलं, "आणि हे रविवार? तुम्ही इतक्या हौसेने शिकवत होतात ते?"

यावर त्याचा चेहरा उलट उजळला. आपण काही चांगलं केलंय हे आता तरी हिला कळेल, असा. "त्याच्यासाठीच तर! पोराला आवडतो. मी नसलो तरी तुला करता यायला हवा ना. आता तुला माझ्याइतकाच जमतो."

मी गॅस बंद केला. भात उत्तम झाला होता, मिरची अख्खीच्या अख्खी. सगळ्यांना वाढला. सासूबाईंनी त्याला हात लावला नाही, कारण तो नारळ त्यांच्या घशाखाली उतरणार नव्हता. बाप-लेकांनी दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी सासूबाईंनी दुसरा नारळ आणवला आणि हळदकुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. बायकोच्या हातचं कुंकू हवं, म्हणाल्या. मी उठले नाही. त्यांनी आपल्याच विधवेच्या हाताने ते लावलं.

तो गेला. पुढच्या रविवारी मुलगा सकाळपासून ओट्याशी येऊन उभा. मी केला भात. त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आई, अगदी बाबांसारखा!" मग पाय हलवत, मजेत, सगळं ताट चाटूनपुसून खाल्लं. बाबा कुठे आहेत, कधी येणार, एका शब्दाने विचारलं नाही. ज्याने मला फसवलं त्याची जागा मीच इतकी बेमालूम भरून दिली होती की पोराला तो गेल्याचं जाणवलंसुद्धा नव्हतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी राजमा भिजवला, उपसला आणि फडक्यात बांधून टाकला. रविवारी मुलाने ताटात उसळ आणि साधा भात बघितला, जमिनीवर लोळण घेतली, "बाबांना बोलवा, बाबांचा भात हवा" म्हणून आकांत मांडला. सासूबाई मला म्हणाल्या, "कर गो तेका, किती रडता!" मी पोराला जवळ घेतलं, पोटाशी धरलं, पण ओट्याकडे गेले नाही. बाप घरात नाही हे त्याला कळायला हवं होतं. ते झाकून ठेवायचं काम माझ्याकडून कोणाला मिळणार नव्हतं.