खोकल्याची परीक्षा

माझं मराठी मेलेलं आहे, असं फादर इनास मला तोंडावर म्हणत.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

सोळाशे वर्षांपूर्वीच्या, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बिशपची प्रवचनं मराठीत आणणं हा त्यांचा ध्यास. लॅटिन त्यांचं, मराठी माझं. कॉलेजात जन्मभर भाषा शिकवल्यामुळे ढिसाळ वाक्य मला सोसत नाही.

कसोटी मात्र त्यांची.

प्रवचन तयार झालं की रविवारी चर्चमध्ये मिस्साला ते स्वतःचं म्हणून सांगत. मी शेवटच्या बाकावर, हातात पेन्सिल.
ज्या वाक्याला लोक खोकतील, ते बाद.

"हा काय निकष झाला, फादर? लोकांना सर्दी असते."
"सर्दी ठरावीक वाक्यांनाच कशी होते, बाई?"

बिशपचं नाव ते कधीच घेत नसत. नाव कळलं की लोक भक्तिभावाने गप्प बसतात, खोकत नाहीत. म्हणून मीही इथे लिहीत नाही.

एका डौलदार वाक्यासाठी मी वटार गावातल्या आमच्या ओट्यावर कडाडून भांडले. फादर शांतपणे चहा पीत राहिले.

"तो बिशपही तुमच्यासारखा प्रोफेसर. राजधानीत वक्तृत्व शिकवायचा. मग बंदरातल्या माणसांसमोर उभा राहिला आणि सोपं बोलायला शिकला."
"आणि मी?"
"तुम्ही अजून राजधानीतच आहात."

शेवटचं प्रवचन मरणावरचं होतं.
ते सांगण्याआधीच फादर गेले.
कसोटी न झालेला मजकूर मी छापायला देत नाही. पुस्तक वर्षभर अडलं.

आज त्यांच्या वर्षाच्या मिस्साला नव्या फादरांनी, कोणाला न सांगता, फादरांच्या कागदांत सापडलेलं तेच प्रवचन केलं.
मी शेवटच्या बाकावर.

पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.
अखेरीकडे, नेमक्या माझ्या लाडक्या वाक्याला, मेरीमावशी खोकल्या. मागोमाग अख्खी रांग.
मी रेघ मारली.

बाहेर मावशींनीच गाठलं.
"बाय, हा नवीन फादर आपल्या फादरची नक्कल करतो काय गं? डोळ्यांत पानी आलं माझ्या."
"कुठल्या वाक्याला, मावशी?"
"ते काय ध्यानात ऱ्हाते? खोकला थांबला, त्याच्या पुढं."

घरी येऊन रेघ मारलेलं वाक्य काढून टाकलं. पुढचं थेट जोडलं.
उत्तम जुळलं, हे कबूल करायला माझी हरकत नाही.

पुस्तक आता छापायला जाईल.

फादर, श्रद्धांजली भावपूर्णच आहे. थोडक्यात देते, नाहीतर कोणी खोकेल.